सर्व संबंधितांस

महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत. बीडची आष्टी तालुक्याची; तिथं २०२२ साली नगरहून रेल्वेही पोचली. वर्ध्याची आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांची. एक गडचिरोलीत, एक मोहोळ तालुक्यात. आणि एक आमची, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. पत्ता सांगताना आम्ही जिल्हा आधी सांगतो, नाहीतर पाहुणा बीडला उतरतो आणि फाईल वर्ध्याला जाते. पाहुणा संध्याकाळपर्यंत परत येतो.

परतूर तालुका १ मे १९८१ पर्यंत परभणीत होता. जालना जिल्हा झाला आणि आम्ही इकडं आलो. मुख्यालय बदललं, शिक्के बदलले. बाकीचं विचारू नका.

या आष्टीला एक मान मात्र मिळाला. २१ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रानं श्यामाप्रसाद मुखर्जी रूर्बन अभियान सुरू केलं. देशभरात गावांचे ३०० समूह करायचे, आत्मा गावाचा ठेवायचा आणि सोयी शहराच्या द्यायच्या. त्यात आष्टीचा समूह आला. कल्पना कागदावर देखणी होती, आणि हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. केंद्र नवा पैसा देणार खर्चाच्या साधारण ३० टक्के; उरलेला ७० टक्के आधीच चालू असलेल्या योजनांमधून जमवायचा. रस्ता एकाचा, नळ दुसऱ्याचा, दिवे तिसऱ्याचे, गटार चौथ्याची, पोरांना कौशल्य शिकवणारा पाचवा. सगळे एकाच आराखड्यात बसवायचे. सुरुवातीला असे १४ घटक ठरले होते. अभियानाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. काय झालं आणि काय राहिलं ते आष्टीत चक्कर मारली की दिसतं. मला आज बोलायचंय ते कामांबद्दल नाही, कामं करायला एकत्र बसवलेल्या माणसांबद्दल.

चौदा खाती एका टेबलाला बसली की काय होतं, याचं गणित एका अमेरिकन माणसानं करून ठेवलंय. फ्रेड ब्रूक्स त्याचं नाव. आयबीएममध्ये भलंमोठं सॉफ्टवेअर करताना हात पोळले आणि १९७५ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. हिशेब सोपा आहे. दोन माणसं असली की बोलण्याची वाट एक. तिघांत तीन. पाच जणांत दहा. चौदांत ९१. म्हणजे ९१ ठिकाणी ‘मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल’ म्हणायची सोय झाली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं, हाही त्याचाच नियम. आमच्याकडं उशीर झाला की माणसं वाढत नाहीत, ती पदं रिक्त असतात. आम्ही समिती वाढवतो.

समन्वय समितीची बैठक पाहिली नसेल तर जरूर पाहा. नाटकाचं तिकीट वाचतं. बैठक अकराची असते, म्हणून साडेबाराला सुरू होते. मुख्य अधिकाऱ्याला व्हिडिओ कॉन्फरन्स असते, म्हणून तो प्रतिनिधी पाठवतो. प्रतिनिधीला विषय माहीत नसतो, म्हणून तो वही आणतो. ‘मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय, आणि एकमतानं मंजूर होणारा तो एकमेव विषय. मग एकेका खात्यानं उभं राहून आपलं काम का झालं नाही ते सांगायचं. गंमत अशी की प्रत्येकाचं कारण शेजारच्या खुर्चीत बसलेलं असतं. पाणीपुरवठ्याचं वीज जोडणीवर अडलेलं, विजेचं जागेवर, जागेचं मोजणीवर, मोजणीचं फी भरण्यावर, आणि फी भरायची ती ग्रामपंचायतीनं, जिला बैठकीचं पत्रच मिळालेलं नसतं. चहा येतो. पार्ले बिस्किटं येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर बैठकीचा फोटो पडतो आणि त्याला चाळीस अंगठे लागतात. काम पुढं सरकल्याचा त्या दिवसापुरता तेवढाच पुरावा.

चार दिवसांनी इतिवृत्त निघतं. त्यात तीन रकाने असतात: विषय, निर्णय, जबाबदारी. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लिहिलेलं असतं, ‘सर्व संबंधित’. हा गृहस्थ मी आजवर पाहिलेला नाही. त्याची बदली होत नाही, त्याला कारणे दाखवा नोटीस जात नाही, निवृत्तीचं वयही नाही. महाराष्ट्रातली निम्मी कामं त्याच्याकडं थकलेली आहेत.

आता एका गल्लीची गोष्ट. गाव सांगत नाही, तुमचंच निघायचं. वित्त आयोगाच्या पैशातून गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. गोणपाटं टाकून पाणी मारलं, मोजमाप पुस्तिका भरली, जिओ-टॅगचा फोटो चढवला, बिल निघालं. गल्लीतल्या बायकांनी दारापुढं रांगोळ्या काढल्या. दोन महिन्यांनी ब्रेकर आला. जलजीवनची पाइपलाइन टाकायची होती. रस्ता मधोमध चिरला, चर खणली, पाइप टाकला, वरून मुरूम लोटला. पहिल्याच पावसात मुरूम खाली बसला आणि गल्लीच्या मधून ओढा वाहायला लागला. मोटारसायकलवरून दूध घालायला निघालेला पोरगा कॅनसकट त्यात. एक म्हातारी ओट्यावरून सगळं बघत होती. ती त्या इंजिनिअरला म्हणाली, “बाबा, नळ आधी अन् रोड मागून करायला काय झालतं?”

“मावशी, दोन्हीचं लेखाशीर्ष वेगळं आहे.”

“असंल की. डोकं तर एकच लागतं ना?”

इंजिनिअर बिचारा हसला. पोरगा चांगला होता, त्याच्याकडं तीन तालुक्यांचा अतिरिक्त कार्यभार होता. त्याचं काही चुकलं नाही, आणि मेख इथंच आहे. रस्तावाल्यांच्या अहवालात उद्दिष्टपूर्ती १०० टक्के. पाइपवाल्यांचीही १०० टक्के. गल्लीत ना धड रस्ता, ना नळाला पाणी, कारण टाकी पुढच्या टप्प्यात. दोन्ही संघ जिंकले आणि सामना हरला, असा चमत्कार फक्त आमच्याकडं होतो. जलजीवन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा २०२४ ची मुदत होती, आता ती २०२८ पर्यंत वाढवली आहे. मुदतवाढीच्या कामात मात्र आम्ही कधी मागं पडलेलो नाही.

सरकारला नावं ठेवून झाली, आता खासगीकडं वळू. आमच्या जिल्ह्यात स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, काम करणारी माणसं आहेत. तिथंही हल्ली ‘टीम बिल्डिंग’चं वारं आहे. पुण्याहून प्रशिक्षक येतो. तो तुम्हाला डोळे मिटून मागं पडायला लावतो आणि मागचा सहकारी तुम्हाला झेलतो; यातून विश्वास वाढतो म्हणे. ज्यानं गेल्या वर्षी तुमची पगारवाढ अडवली तोच मागं उभा असेल तर काय करायचं, हे तो सांगत नाही. मग कोरड्या शेवया आणि चिकटपट्टी देऊन मनोरे बांधायला लावतो. साठीला आलेले फोरमन, ज्यांनी उभ्या आयुष्यात भट्ट्या उभ्या केल्या, ते शेवयांचा मनोरा धरून बसतात. जेवणात पनीर असतं. सोमवारी माणसं कामावर येतात आणि दोन हजारांचा बेअरिंग आणायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. ती यायला आठ दिवस लागतात, आठ दिवस मशीन बंद. विश्वास वाढवायचाच होता तर पनीरचे पैसे वाचवून त्या फोरमनला दोन हजारांपर्यंत सही करायचा अधिकार द्यायचा. पण अधिकार देण्याचं प्रशिक्षण कुणी घेत नाही, कारण त्यात साहेबाला मागं पडावं लागतं.

मराठी माणसाला हे सगळं नवं नाही. बारभाईंची शेती, काय लागेल हाती, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण खुद्द बारभाईंचं काय झालं ते आठवा. १७७४ साली राघोबादादांना बाजूला सारायला पुण्याची कारभारी मंडळी एक झाली. गादीवर बसवलं ते चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना. सुरुवातीला भाऊ बारा. हळूहळू त्यातले दोनच उरले, नाना आणि सखारामबापू. पुढं बापू कैदेत गेले आणि नाना उरले. नानांच्या पद्धतीबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, पण पुण्याच्या कारभाराचा जाब कुणाला विचारायचा हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. बारभाईंची समन्वय समिती तशीच बाराची राहिली असती तर सवाई माधवरावांच्या मुंजीपर्यंत इतिवृत्त कायम होत बसलं असतं.

तर मग काम होतं कुठं? लांब जायला नको, जालना तालुक्यातच कडवंची आहे. १९९६ पासून पुढची काही वर्षं इथं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचं काम झालं. पैसा जर्मनीचा, आला नाबार्डमार्फत. गावात उतरून काम करणारे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे लोक. हे केंद्र मराठवाडा शेती सहाय्य मंडळाचं, आणि त्यामागं विजयअण्णा बोराडे. कडवंचीची द्राक्षं आणि शेततळी सगळ्यांना ठाऊक आहेत. २०१२ च्या दुष्काळात जालना शहर टँकरच्या तोंडाकडं बघत होतं आणि कडवंचीच्या बागा उभ्या होत्या, हेही वर्तमानपत्रांनी छापलं. पण ते सगळं नंतरचं. आधी काय झालं ते बघायला हवं, कारण ते कुणी छापत नाही.

या कार्यक्रमाचा रिवाज असा की गावाला सगळा पैसा एकदम मिळायचा नाही. आधी एक लहान तुकडा करून दाखवायचा, शंभरेक हेक्टरचा. गावाला बांध घालता येतो का, हिशेब ठेवता येतो का, भांडणं मिटवता येतात का, ते त्या तुकड्यावर कळायचं. तिथं पास झालात तर पुढचं मोठं काम. श्रमदान करायचं, मोकाट चराई आणि झाडतोड थांबवायची, पाणलोट समिती ग्रामसभेनं निवडायची. आपल्याकडं उलटं चालतं: आधी आराखडा शेकडो कोटींचा, मग भूमिपूजन, मग तज्ज्ञ समिती, आणि मग कुणाला तरी आठवतं की गावाला विचारायचं राहिलं.

खरी कमाल होती ती शिवारफेरीत. हातात नकाशा घेऊन तंत्रज्ञ, समितीचा माणूस आणि शेतकरी असे गट नंबरमागून गट नंबर चालत जायचे. शेतकऱ्याबरोबर त्याच्या बायकोनंही यायचं, असा आग्रह. बांध इथं घालायचा की दोन हात वर, हे त्या वावरात उभं राहून ठरायचं. शेतकरी म्हणायचा, इथून पाणी फुटतं. बायको म्हणायची, तिथून नाही, त्या बाभळीकडून फुटतं, मला रोज दिसतं. तंत्रज्ञ उतार मोजायचा आणि बहुतेक वेळा बायको बरोबर निघायची. ठरलं की तिथंच कागदावर लिहायचं, तिथंच संमती घ्यायची. काम माथ्यापासून सुरू करायचं आणि पायथ्याकडं यायचं, म्हणजे वरच्यानं पाणी अडवलं नाही तर खालच्याचा बांध फुटतो, हे दोघांनाही डोळ्यांना दिसायचं. कोण चुकला हे शोधायला समिती नेमावी लागत नव्हती. फुटलेल्या बांधाच्या वर बघितलं की माणूस सापडायचा. गावाच्या खात्यावर एकट्याची सही चालायची नाही, आणि ज्यांच्या सह्या चालायच्या ते सगळे रोज त्याच पारावर बसणारे. पैसे खाल्ले तर पाणी प्यायला जायचं कुठं?

मला कडवंचीचं देऊळ बांधायचं नाही. द्राक्षपट्ट्यांत पुढं शेततळी वाढली, प्लास्टिकचे कागद अंथरले गेले आणि ती तळी भरायला विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, ही अभ्यासकांची टीका रास्त आहे. बांध सगळ्यांचा होता तोवर संघ होता. तळं ज्याचं त्याचं झालं आणि जमिनीखालचं पाणी पुन्हा ‘सर्व संबंधितां’चं झालं. पण जे काम सगळ्यांनी मिळून अंगावर घेतलं ते त्यांनी पुरं केलं, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

सरकारनं मात्र कडवंचीतून भलताच धडा घेतला. अभ्यासदौरा. बसा भरून माणसं येतात, शेततळ्यापुढं उभी राहून फोटो काढतात, द्राक्षं खातात, भाषण ऐकतात आणि अंधार पडायच्या आत जिल्ह्याच्या गावी मुक्कामाला जातात. परत गेल्यावर अहवाल लिहितात. अहवालात द्राक्षं असतात, शिवारफेरी नसते. चालायला लागतं ना तिला.

आणि हे फक्त लहान गावात जमतं असं कुणी म्हणू नये. कोकण रेल्वे आठवा. सातशे किलोमीटरहून लांब मार्ग, डोंगर, बोगदे, नद्या, आणि जमीन देणारा कोकणी माणूस, जो ब्रह्मदेवाला ऐकणार नाही. रेल्वे खात्याच्या नेहमीच्या फायलीतून हे व्हायचं नाही हे ओळखून १९९० मध्ये वेगळं महामंडळ काढलं आणि ई. श्रीधरन यांना नेमलं. त्यांनी मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला, त्या त्या जागेवर, मुंबईच्या वातानुकूलित खोलीत नव्हे. महाडचं अडलं तर महाडच्याला विचारायचं. पेडण्याच्या बोगद्यात माती कोसळत राहिली, पाच वर्षांचं काम लांबलं, आणि पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. उशीर झाला, पण उशिराचं उत्तर कोण देणार हे सगळ्या देशाला माहीत होतं. आमचा निम्न दुधना प्रकल्प घ्या. परतूरच्या माणसानं त्यासाठी जमिनी दिल्या. त्याला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली, आणि २०१६ साली केंद्रानं देशातल्या रखडलेल्या ९९ सिंचन प्रकल्पांची यादी केली तेव्हाही तो त्या यादीत होता. इतक्या वर्षांत त्यावर किती कार्यकारी अभियंते आले आणि गेले, मोजा. बदलीच्या गाडीत बसताना त्यांतल्या कुणाला मागं वळून कुणी काही विचारलं असेल, असं वाटत नाही. बदली हे आमचं एकमेव काम आहे जे दर मे महिन्यात वेळेवर होतं.

नावं बदलण्यातही आम्ही चपळ. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. पाटी बदलली, टेबल तेच, चार गावांचा कार्यभार तोच. नाव मोठं केलं की माणूस मोठा होतो, या समजुतीवर आमचं अर्धं प्रशासन उभं आहे.

आणि नावांचंच निघालं म्हणून सांगतो. कुठल्याही गावात सभागृहाची, रस्त्याची, पाण्याच्या टाकीची कोनशिला वाचा. मंत्री, खासदार, आमदार, सभापती, सदस्य, सरपंच, ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’. संगमरवर पुरत नाही म्हणून शेवटची दोन नावं बारीक अक्षरांत. या यादीतल्या एकाही माणसानं एक टोपलं सिमेंट उचललेलं नसतं किंवा मोजमाप पुस्तिकेवर सही केलेली नसते. ज्यानं सही केली त्या कनिष्ठ अभियंत्याचं नाव नाही, ठेकेदाराचं नाही, टाकी गळली तर कुणाला फोन करायचा तो नंबर नाही. श्रेयाला चौदा नावं, जबाबदारीला एकही नाही.

तेव्हा एक करा. वर्षातून चार तरी ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते पुरतं. आष्टीसारख्या गावात शंभर माणसं लग्नाच्या पंगतीला दहा मिनिटांत गोळा होतात. पुढच्या ग्रामसभेला तेवढीच जा. गावात चालू असलेल्या एकेका कामाचं नाव घ्या आणि विचारा, हे नाही झालं तर कोण उत्तर देणार? खातं सांगू नका म्हणावं, समिती सांगू नका, माणूस सांगा. त्याचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर आणि काम संपायची तारीख ठरावात लिहून घ्या. त्याची बदली झाली तर त्याच्या जागी येणाऱ्याचं नाव त्याच ओळीखाली लिहायला लावा. आणि ठरावात कुठंही ‘सर्व संबंधित’ दिसलं, तर सही करू नका.